स्टॉपवर सोडायला कितवीपर्यंत जायचं? आधी घ्यायला कोण जातंय ते बघू

तुमचा मुलगा तिसरीत आहे. सकाळी बस सोसायटीच्या बाजूलाच थांबते, तुम्ही गेटबाहेर जाऊन त्याला चढवता. दुपारी तीच बस समोरच्या बाजूला थांबते. मधे दुपदरी रस्ता, दुभाजक नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या गेटपाशीच उभ्या राहतात. पलीकडून बसमधल्या मावशी रस्ता बघून "जा रे" म्हणतात आणि तो धावत येतो. मिस्टरांचं म्हणणं, आम्ही पहिलीपासून एकटे जायचो, आता सकाळी त्याला सोडायला जाणं बंद कर. आणि तुम्ही विचारताय, सोडायला जाणं नेमकं कितवीपर्यंत योग्य?

सकाळचं उद्यापासून बंद केलंत तरी माझी फारशी हरकत नाही. दुपारचं मात्र लगेच बदला.

मी पुण्यातल्या एका शाळेची बसवाहतूक सांभाळते. मार्ग आखायचे, स्टॉप ठरवायचे, ड्रायव्हरकाका आणि मावशींना शिकवायचं, आणि उजाडायच्या आत पालकांचे फोन घ्यायला सुरुवात करायची, असं कामाचं स्वरूप. "थोडक्यात वाचला" म्हणून जे जे आमच्या वहीत नोंदलं जातं, त्यातलं बहुतेक दुपारचं असतं. आणि अशा वेळी मुलाला घ्यायला बहुतेकदा कुणीतरी आलेलं असतं. कुणीच आलं नाही म्हणून होणारा गोंधळ वेगळा. त्यात मूल बसमध्येच बसून राहतं, फोनाफोनी होते, तासाभराने घरी पोचतं. जिवावर बेतायची वेळ येते ती घ्यायला आलेलं माणूस रस्त्याच्या भलत्या बाजूला उभं असतं तेव्हा.

सकाळी मूल अर्धवट झोपेत असतं, हात तुमच्या हातात असतो आणि बस त्याच्याकडे येते. त्याला स्वतःला कुठे जायचंच नसतं. दुपारी ते भुकेलेलं असतं, दिवसभराचं काय काय सांगायचं साठलेलं असतं, पायरीवरून उतरतानाच समोर आजी दिसते. आठ वर्षांच्या मुलाला आजी दिसली की रस्ता दिसत नाही. त्याला वळण नाही म्हणून असं होत नाही. त्या वयात लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर टिकतं, आणि मोटरसायकलपेक्षा आजी कितीतरी महत्त्वाची.

शिवाय त्याने थांबून नीट पाहिलं, तरी जे दिसतं त्याचा अंदाज त्याला येईलच असं नाही. लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी 2010-11 च्या सुमारास दाखवून दिलं होतं की ताशी 20 मैलांहून, म्हणजे साधारण 32 किलोमीटरहून जास्त वेगाने अंगावर येणारं वाहन प्राथमिक शाळेतल्या मुलांना "येतंय" असं नीट जाणवतच नाही. गाडी दिसते, पण ती जवळ येतेय हे डोळ्यांना भरवशाने कळत नाही. आता तुमच्या रस्त्याचं गणित मांडा. दुपदरी रस्ता सुमारे 7 मीटर रुंद. चालत्या मुलाला तो ओलांडायला सहा-सात सेकंद. ताशी 40 किलोमीटरने येणारी दुचाकी सेकंदाला 11 मीटर जाते, म्हणजे तेवढ्या वेळात 66 ते 77 मीटर. तुमच्या गेटपाशी उभं राहून 77 मीटरवर काय आहे ते एकदा बघा. बहुधा पुढचं वळण असेल, नाहीतर कुणीतरी आडवी लावलेली टेम्पोगाडी.

आणि मधे आपली बसच उभी असते. मूल बसच्या पुढून आलं तर मागून येऊन बसला ओव्हरटेक करणाऱ्याला ते दिसत नाही, आणि मुलालाही तो दिसत नाही. बसच्या मागून आलं तर समोरून येणारी गाडी त्याला शेवटच्या क्षणी दिसते. मावशी पलीकडून "जा" म्हणतात तेव्हा त्या फुटपाथच्या बाजूला, बसच्या आडोशाला असतात. त्यांना जेवढा रस्ता दिसतो तेवढाच त्या बघतात. सासूबाईंना वाटतं, मावशी बघतायत. मावशींना वाटतं, आजी बघतायत. दोन मोठी माणसं दोन बाजूंना आणि मधल्या रस्त्यावर मूल एकटं.

इथे एक विषयांतर करते, कारण गेल्या काही वर्षांत ते फार दिसायला लागलंय. पालक मला अमेरिकेतले स्कूल बसचे व्हिडिओ पाठवतात. त्यात मुलं बसच्या पुढे दहा फूट जातात, ड्रायव्हरकडे बघतात, त्याने हात केला की बसच्या पुढून रस्ता ओलांडतात. दिसायला छान असतं. पण तिथे बसचे लाल दिवे लुकलुकायला लागले आणि बाजूची "स्टॉप" पाटी बाहेर आली की दोन्ही दिशांच्या गाड्यांना कायद्यानेच थांबावं लागतं. मोठा दुभाजक असलेल्या रस्त्यावर पलीकडून येणाऱ्या गाड्या तेवढ्या बहुतेक राज्यांत अपवाद. सगळा रस्ता गोठलेला असतो म्हणून बसच्या पुढून जाणं तिथे सुरक्षित ठरतं. आपल्याकडे शाळेची बस थांबली की मागचा हॉर्न वाजवतो आणि उजवीकडून काढतो. त्यामुळे तो व्हिडिओ मुलाला दाखवून "असंच करायचं" म्हणणं म्हणजे नेमकं उलटं शिकवणं. आपल्याकडे एकच पद्धत: बस निघून जाऊ द्यायची, रस्ता दोन्हीकडे मोकळा दिसायला लागला की मगच, मोठ्या माणसाबरोबर ओलांडायचा. बस जायला मिनिटभर लागतं. भुकेल्या मुलाला ते मिनिट फार वाटतं, आजीलाही वाटतं, पण तेवढा वेळ उभं राहायचंच.

म्हणून तुमच्यासाठी नियम असा: मुलाला घ्यायला येणाऱ्याने बसचं दार ज्या बाजूला उघडतं त्या बाजूला, बस येण्याच्या आधी पोचलेलं असायचं. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात आणि बसचं दार डावीकडे असतं, त्यामुळे हे ठरवायला डोकं लावावं लागत नाही. पलीकडे उभं राहून हात हलवायचा नाही, हाक मारायची नाही, मोबाईल उंच करून "इकडे, इकडे" करायचं नाही. उशीर झाला आणि तुम्ही अजून अलीकडेच असाल, तर मुलाला तुम्ही दिसणार नाही अशा जागी थांबा, मावशींना फोन करा आणि मुलाला बसमध्येच बसवून ठेवायला सांगा. हे विचित्र वाटेल, पण दिसणारी आजी न दिसणाऱ्या आजीपेक्षा जास्त धोक्याची.

दारापाशी नेमकं कुठे उभं राहायचं यालाही महत्त्व आहे. पुण्यात बस आणि फुटपाथ यांच्यात दीड-दोन फुटांची फट राहिली की तिच्यातून दुचाकी येते. येतेच. डावीकडून घुसणारा हा स्वार ड्रायव्हरच्या आरशात येईपर्यंत मुलाचा पाय पायरीवरून खाली पडलेला असतो. म्हणून आमच्याकडे मावशींनी आधी स्वतः उतरायचं, मागच्या बाजूला तोंड करून उभं राहायचं, एक हात आडवा धरायचा आणि मग मुलं उतरवायची. तुम्ही फुटपाथवर, कडेपासून दोन-तीन पावलं आत उभं राहायचं आणि बस पूर्ण थांबून मावशी खाली उतरल्यावरच पुढे यायचं. बसच्या दिशेने घोळक्याने धावणारे पालक पाहून मुलंही पायरीवरून उडीच मारतात. मुलाला हातात घेताना मनगट धरा. बोट धरायला दिलं की सोडायचं की नाही हे मूल ठरवतं, मनगट धरलं की तुम्ही ठरवता.

बाटली, डब्याची पिशवी, चित्रकलेचा कागद हे सगळं उतरतानाच पडतं आणि बसच्या दिशेनेच घरंगळतं. मूल वाकून ते उचलायला जातं. ड्रायव्हरला त्याच्या उंचीवरून बसच्या अगदी पुढ्यातली जमीन दिसत नाही, वाकलेलं मूल तर नाहीच नाही. जूनमध्ये आम्ही पालकांना एकेक करून ड्रायव्हरच्या सीटवर बसवतो आणि त्यांचीच मुलं बसच्या पुढे उभी करतो. लहान गटातलं मूल बंपरजवळ उभं केलं की दिसेनासं होतं. सगळं भाषण करून जे पटत नाही ते या अर्ध्या मिनिटात पटतं. तुमच्या शाळेत असं करत नसतील तर पालकसभेत मागणी करा, खर्च काहीच नाही. आणि मुलाला घरात एक वाक्य पाठ करून घ्या: "पडलं तर पडू दे, मोठ्या माणसाला सांग." बाटली गेल्याबद्दल घरी ओरडा बसणार नाही याची त्याला खात्री हवी, नाहीतर ते वाक्य काही उपयोगाचं नाही.

आता तुमच्या स्टॉपची मूळ अडचण. सकाळी अलीकडे आणि दुपारी पलीकडे हे तुमच्याच वाट्याला आलेलं नाही. बस सकाळी ज्या रस्त्याने शाळेकडे जाते त्याच रस्त्याने दुपारी उलट येते. त्यामुळे दुहेरी रस्त्यावरच्या प्रत्येक स्टॉपवर कुणाला तरी, दिवसातून एकदा, रस्ता ओलांडावा लागतोच. समोरच्या सोसायटीतली मुलं सकाळी ओलांडत असतील. एका अर्थी त्यांचं नशीब बरं, कारण सकाळी हात धरलेला असतो.

पण मार्ग आखणाऱ्याच्या हातात यावर उपाय असतो. दुपारच्या फेरीत बस पुढच्या चौकातून वळवून येताना तुमच्या बाजूने आणता येते. कधी मार्गाचा तेवढा तुकडा गोल फिरवला की दोन्ही वेळा एकच बाजू मिळते. कधी दुपारचा स्टॉप मुख्य रस्त्यावरून उचलून आतल्या गल्लीत नेता येतो. याने चार-पाच मिनिटं वाढतात, डिझेल वाढतं, शेवटच्या स्टॉपवरचे पालक तक्रार करतात. तरी विचारल्याशिवाय कुणी आपणहून करणार नाही. एक गोष्ट मात्र मागू नका: बस सोसायटीच्या आत आणा. आत आलेली बस बाहेर पडताना रिव्हर्स घेते, आणि खेळणारी मुलं, सायकली, पार्किंगचे खांब यांच्यामध्ये मोठी गाडी मागे घेणं याइतकं मला भीतीदायक दुसरं काही वाटत नाही. गोल फिरून सरळ बाहेर पडायला जागा असेल तर गोष्ट वेगळी.

"एवढे नियम असताना हे पालकांनी का बघायचं?" असं तुम्ही विचाराल, विचारायलाच हवं. नोव्हेंबर 1997 मध्ये दिल्लीत वजीराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली, 28 मुलं गेली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बससाठी निर्देश दिले: वेगावर ताशी 40 किलोमीटरची मर्यादा, खिडक्यांना आडव्या जाळ्या, दाराला भरवशाचं कुलूप, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, सोबत एक जबाबदार माणूस. आपल्या राज्याने 2011 मध्ये स्कूल बससाठी वेगळे मोटार वाहन नियम केले, त्यात मुली असलेल्या बसमध्ये बाई सहायक असणंही आलं. हे सगळं बसच्या आतल्या सुरक्षिततेसाठी, आणि ते गरजेचंच होतं. दारातून खाली पाय ठेवल्यापासून घरापर्यंतचा तुकडा मात्र अजून बऱ्याच ठिकाणी ज्याच्या त्याच्या नशिबावर आहे. त्यातल्या त्यात हाताशी येणारी गोष्ट म्हणजे याच 2011 च्या नियमांनी प्रत्येक शाळेत शालेय परिवहन समिती असायला सांगितली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस आणि आरटीओचे अधिकारी सदस्य. भाडं, मार्ग, स्टॉप हे विषय या समितीचे. अनेक शाळांत ती वर्षातून एकदा चहा-बिस्किटांपुरती भरते, हे मलाही माहीत आहे. पण लेखी अर्ज आला की इतिवृत्तात घ्यावा लागतो, आणि इतिवृत्तात आलेली गोष्ट सहसा नाहीशी होत नाही.

न्यायालयाच्या त्या निर्देशांत पालकाने किंवा शिक्षकाने बसमधून प्रवास करून सगळं पाहावं अशीही सोय होती. एखाद्या दुपारी रजा काढून शाळेची परवानगी घ्या आणि बसमधून या. आपल्या स्टॉपवर मुलाला काय दिसतं हे गेटपाशी उभं राहून कधीच कळत नाही.

सासूबाईंबद्दल. त्यांनी बस यायच्या दहा मिनिटं आधी सावकाश पलीकडे जाऊन बसावं, असं मी सहज म्हणू शकते, पण गुडघेदुखीच्या बाईंनी रोज दोनदा तो रस्ता ओलांडणं हाही धोकाच आहे, आणि घाईत नातवाला घेऊन परतताना तो दुप्पट. तुमच्या स्टॉपवर नक्कीच आणखी दोन-चार मुलं उतरत असतील. त्या घरांनी मिळून वार वाटून घ्या: ज्याचा वार, ते माणूस पलीकडे उभं राहील, सगळ्या मुलांना एकत्र थांबवेल, बस गेल्यावर एकत्र आणेल. सासूबाईंनी गेटपाशीच, पण गेटच्या आत, मुलाला रस्त्यावरून दिसणार नाहीत अशा जागी खुर्ची टाकून बसावं. त्यांना हे लागेल. नातू धावत येतो हा त्यांच्या दिवसातला मोठा आनंद असतो. तेव्हा त्यांना "तुम्ही नका जाऊ" असं सांगू नका. गेटच्या आतलं नातवंडांचं स्वागत त्यांच्याकडे द्या आणि रस्ता दुसऱ्याकडे. सोसायटीच्या वॉचमनला पाठवावं का, असं पुष्कळ जण विचारतात. वॉचमन बदलत राहतात, आणि आम्ही मूल फक्त शाळेकडे नाव-फोटो दिलेल्या माणसाच्याच हाती देतो. तुमच्या शाळेत तशी यादी नसेल तर ती करायला लावा, आणि वार वाटून घेतलेल्या प्रत्येकाचं नाव त्यात घाला. यादीत नसलेली ओळखीची मावशी आली म्हणून मूल सोडलं, असं आमच्याकडे होत नाही. बालवाडीचं मूल घ्यायला यादीतलं कुणी नसेल तर ते बसमधून परत शाळेत येतं. पालक चिडतात. चिडू देत.

मिस्टरांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. मूल कधीतरी एकटं जायलाच हवं, आणि दहावीतल्या मुलाला स्टॉपवर सोडायला येणारी आई मुलासाठी शिक्षा असते. पण "आम्ही जायचो" यातला रस्ता आता तो नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. त्यांच्या लहानपणी त्याच रस्त्यावर किती गाड्या होत्या, हे मिस्टरांनाच विचारा.

कितवीपर्यंत, याचं माझं उत्तर इयत्तेपेक्षा रस्त्यावर ठरतं. रस्ता ओलांडायचा नसेल, फुटपाथ धड असेल, आणि सोसायटीतली दोन-तीन मुलं एकत्र जात असतील तर तिसरी-चौथीच्या मुलाला गेटपासून स्टॉपपर्यंत जाऊ द्यायला मी घाबरत नाही; तुम्ही गॅलरीतून बघा. तुमची सकाळ अशीच आहे. दुसरीपर्यंत मात्र कुठल्याही रस्त्यावर हात सोडू नये. रस्ता ओलांडायचा असेल तर पाचवी-सहावीपर्यंत बरोबर मोठं माणूस हवंच, आणि सिग्नल नसलेल्या वाहत्या रस्त्यावर त्यानंतरही काही काळ. मोठ्या भावंडाच्या जिवावर धाकट्याला सोपवणं सहावी-सातवीच्या मुलावर अन्याय आहे. तो नीट वागतो, फक्त ज्या दिवशी मित्र भेटतो त्या दिवशी सोडून.

एकटं सोडायच्या आधी एक महिना उलटी शाळा घ्या. तुम्ही गप्प, तो पुढे. कुठे थांबायचं, कधी निघायचं, कोणती गाडी जाऊ द्यायची हे तो मोठ्याने बोलून सांगणार, तुम्ही फक्त चाललात. "आता जाऊ का?" असं त्याने तुम्हाला विचारायचं थांबवलं आणि तरी तुम्हाला त्याला एकदाही ओढावं लागलं नाही, की समजा शिकला. दुपारी थकलेला असताना हे करून बघा. सकाळी सगळेच शहाणे असतात.

सकाळबद्दल थोडंच सांगते. बस ट्रॅक करायचं अ‍ॅप आल्यापासून स्टॉपवर वेळेत येणारे कमी झाले. "दोन मिनिटांवर" दिसली की लिफ्टचं बटण दाबायचं, आणि मग दप्तर एका हातात, बुटाची नाडी सुटलेली, अशी धावाधाव. अ‍ॅप बस कुठे आहे ते सांगायला आहे, तुम्ही कधी निघायचं ते सांगायला नाही. पाच मिनिटं आधी स्टॉपवर असा आणि बस चुकली तर चुकू द्या. चालत्या बसमागे धावणं आणि पुढच्या स्टॉपवर स्कूटरने गाठणं, दोन्ही बंद. स्कूटरवरून आठवलं: सोसायटी मोठी असली की स्टॉपपर्यंत मूल पुढे उभं करून नेतात, हेल्मेटशिवाय. मोटार वाहन कायद्यात चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट आहे, आणि चारच्या आतल्या मुलांसाठी फेब्रुवारी 2023 पासून हेल्मेटबरोबर जाकिटासारखा, चालवणाऱ्याच्या खांद्यांना जोडायचा सुरक्षापट्टाही. अंतर तीनशे मीटर असलं तरी.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. मुलांच्या झोपेसाठी चांगलं झालं. पण जिथे ते पाळलं जातं तिथे धाकट्यांची बस आता ऐन ऑफिसच्या गर्दीत येते, आणि तुम्हालाही त्याच वेळी निघायचं असतं. म्हणजे स्टॉपवरचा पालक एका हाताने फोनवर मीटिंग जोडतोय आणि मूल कडेला दगड लाथाडतंय. बस येईपर्यंत मुलाकडे पाठ करू नका. पालकांच्या गप्पांचं रिंगण रस्त्याच्या बाजूला आणि मुलं आत, असं उभं राहायची सवय लावली तर गप्पाही मारता येतात. ज्यांची मोठी मुलं अजून साडेसहाच्या बसला जातात, त्यांनी डिसेंबर-जानेवारीत लक्षात ठेवावं की पुण्यात तेव्हा सात वाजता कुठे उजाडतं. दप्तरावर चमकणारी पट्टी शिवून घ्या. आणि स्टॉपवर कुत्र्यांना बिस्किटं टाकू नका. तुम्ही गेल्यावर ती कुत्री दुसऱ्या मुलाच्या डब्यामागे लागतात.

पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट बरा, पण टोपी डोळ्यांच्या बाजूंना येत असेल तर रस्ता ओलांडताना ती मागे सारायला लावा. केस भिजले तर पुसता येतात.

आता अर्ज. मुख्याध्यापकांच्या नावाने, "अध्यक्ष, शालेय परिवहन समिती" असं लिहून द्या आणि पोच घ्या. "आमचा स्टॉप धोकादायक आहे" एवढंच लिहिलंत तर "पालकांनी काळजी घ्यावी" एवढंच उत्तर येईल. बसचा मार्ग क्रमांक, दुपारी थांबायची वेळ, रस्ता ओलांडणारी मुलं किती आणि कोणत्या इयत्तांतली, रस्त्याला दुभाजक नाही, सिग्नल नाही, हे लिहा. बस थांबलेली असताना सोसायटीच्या गच्चीवरून काढलेला एक फोटो जोडा, त्यात ओव्हरटेक करणाऱ्या गाड्या दिसतील. खाली तुमची मागणी एका ओळीत: दुपारच्या फेरीत बस अमुक चौकातून वळवून अलीकडच्या बाजूला थांबवावी, किंवा अमुक गल्लीत. पर्याय तुम्हीच दिलात की मार्ग आखणाऱ्याचं निम्मं काम होतं आणि नाही म्हणायला कारण शोधावं लागतं. स्टॉपवरच्या सगळ्या पालकांच्या सह्या घ्या, समोरच्या सोसायटीतल्यांच्याही, कारण बाजू बदलली तर त्यांचीही दुपार बदलणार आहे आणि त्यांचा आक्षेप नंतर आला तर सगळं परत पहिल्यापासून. पुढच्या वर्षीचे मार्ग आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवतो, तेव्हा एप्रिलमध्ये आलेला अर्ज सगळ्यात सोपा जातो. पण दुपारी थांबायची बाजू बदलणं वर्षाच्या मध्येही होतं, आम्ही केलेलं आहे. उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागतील. तोवर पलीकडे कोण उभं राहणार, ते आज संध्याकाळी खाली मुलं खेळत असतील तेव्हा त्यांच्या आयांशी बोलून ठरवून टाका, आणि मावशींनाही सांगून ठेवा की उद्यापासून "जा रे" म्हणायचं नाही.